हिवाळ्यात मुक्कामासाठी दणकट टेंट कोणता घ्यावा आणि तो कसा लावावा?

तुमच्या तपशिलावरून कळलं ते असं: तुम्ही दोघं नवरा-बायको आहात, डिसेंबरात हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याच्या बाजूला दोन-तीन मुक्काम करायचेत, फेब्रुवारीत उत्तराखंडात केदारकंठाला बर्फात जायचंय आणि दोन्हीकडे चालेल असा एकच दणकट टेंट हवाय. त्यात दुकानदाराने 'पाच हजार एमएम वॉटरप्रूफ' सांगून डोकं फिरवलंय.

एकच टेंट दोन्हीकडे, हा हट्ट आधी सोडा. सह्याद्रीसाठी विकत घ्या, बर्फासाठी भाड्याने घ्या. बर्फाचा खरा टेंट महाग असतो, पाठीवर जड लागतो आणि आपल्या घाटमाथ्यावर त्यात गुदमरायला होतं. वर्षातून चार रात्रींसाठी तेवढे पैसे घालू नका. उरलेल्या पैशांत झोपायच्या मॅट चांगल्या घ्या. टेंट ऊब देत नाही, हे बऱ्याच जणांना पहिल्या रात्री पहाटे तीनला कळतं. आत-बाहेर फार तर चार-पाच अंशांचा फरक पडतो. अंगातली ऊब खेचते ती खालची जमीन. टेंटचं काम वारा अडवणं आणि तुम्हाला कोरडं ठेवणं, एवढंच. दणकट कशाला म्हणायचं ते यावरून ठरतं.

मला हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही तिघं पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर गेलो. कोकणकड्यावर सूर्यास्त बघितला आणि तिथल्याच मोकळ्या कातळाजवळ टेंट लावला. पिठलं-भाकरी देणारे मामा येऊन म्हणाले, "हितं नका लावू, रातच्याला वारं उठतंय. झाडाच्या आडाला या." आम्हाला उठल्या उठल्या कडा बघायचा होता, म्हणून मान डोलावली आणि तिथेच राहिलो. रात्री दोनच्या सुमारास टेंट एका बाजूने तोंडावर टेकायला लागला. मग कट्ट असा आवाज आला. फायबरचा पोल उभा चिरला होता आणि त्याच्या कुसळाने बाहेरचं कापड वीतभर फाटलं होतं. टॉर्च लावून पिशवी उपसली, तर ताणाच्या चारही दोऱ्या आत, दुकानातून आल्या तशा, कागदाच्या पट्टीसकट! टेंट घेतल्यापासून त्या कुणी सोडल्याच नव्हत्या. उरलेली रात्र मामांच्या झोपडीत काढली. ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त कुत्र्याला सरकवून जागा करून दिली.

म्हणून दुकानात गेलात की आधी पोल बघा. फायबरचा पोल न वाकता एकदम फुटतो आणि थंडीत तर जास्तच ठिसूळ होतो. अ‍ॅल्युमिनियमचा आधी वाकतो, म्हणजे सावध व्हायला वेळ मिळतो, आणि वाकलेला पोल हाताने थोडाफार सरळ करून ट्रेक पुरा करता येतो. दुसरं म्हणजे पोल एकमेकांना किती ठिकाणी छेदतात ते मोजा. साध्या डोमला, म्हणजे घुमटासारख्या टेंटला, दोन पोल आणि एकच छेद असतो. तिसरा पोल आडवा आला की छेद वाढतात आणि वारा कुठूनही आला तरी सांगाडा पिळवटत नाही. बर्फात वापरतात त्या टेंटांना असे चार-पाच छेद असतात, त्यांचं वजन आणि किंमत त्यातूनच येते. सह्याद्रीसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या पोलांचा साधा डोमही पुरतो, मात्र त्याच्या बाहेरच्या कापडाला दोऱ्या बांधायची कड्यांची जागा निदान चार ठिकाणी, उंचावर असली पाहिजे. फक्त खालच्या कोपऱ्यांना कड्या असलेला टेंट बागेत पोरांना खेळायला ठीक आहे.

छत्रीसारखा फटकन उघडणारा टेंट घेऊ नका. वरचा प्लास्टिकचा सांधा गेला की तो डोंगरात दुरुस्त होत नाही. ज्याचं बाहेरचं कापड फक्त डोक्यावर टोपीसारखं बसतं आणि बाजू उघड्या राहतात, तोही नको. बाहेरचं कापड चारही बाजूंनी जमिनीपासून चार बोटांवर आलं पाहिजे.

आता तो पाच हजार एमएमचा आकडा. कापडावर पाण्याचा स्तंभ किती मिलिमीटर उंच उभा केला म्हणजे पाणी आरपार यायला लागतं, त्याचं हे माप. वरच्या कापडाला दीड-दोन हजार पुष्कळ झाले. तळाला जास्त हवं, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की तिथे दाब पडतो. पण डिसेंबरात पाऊस कुठाय? हिवाळ्यात टेंट भिजतो तो आतून. माणूस रात्रभरात श्वासातून आणि अंगातून पाव लिटरभर तरी पाणी सोडतो. दोघांचं अर्धा लिटर झालं. ते थंड कापडाला लागून थेंब होतं, थेंब ओघळून खाली येतो आणि सकाळी लोक दुकानदाराला शिव्या घालतात की टेंट गळतो. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन गच्च लावून झोपाल तर हे होणारच. वरच्या खिडक्या दोन्ही बाजूंनी बोटभर तरी उघड्या ठेवा, थंडी कितीही असो. आतलं आणि बाहेरचं कापड एकमेकांना चिकटू देऊ नका आणि ओले मोजे आत वाळत घालू नका.

आतल्या कापडाचंही बघा. आतला टेंट जाळीचा असेल तर मे महिन्यात स्वर्ग, जानेवारीत नरक. निम्मं कापड आणि वर जाळी, हे आपल्याकडे जमून जातं. दोघांसाठी तिघांचा टेंट घ्या. 'दोघांचा' म्हणतात त्यात दोन माणसं लोणच्याच्या फोडींसारखी मावतात, मग स्लीपिंग बॅगचं पायाचं टोक भिंतीला टेकतं आणि पहाटे ओलं मिळतं.

आता लावायचं. हे निम्म्याहून जास्त जागेवर ठरतं. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगटात साचते. महाबळेश्वरला हिमकण पडल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाकाठच्या, बाजारपेठेतल्या नव्हे. म्हणून तळ्याकाठची मखमली सपाट जागा दिसली की मोहात पडू नका. तिथे दवही जास्त आणि गारठाही. उतारावर थोडी वर, झुडपांच्या किंवा मोठ्या दगडाच्या आडोशाची जागा बघा. वारा कुठून येतो ते गवताच्या कलावरून कळतं. त्याहून सोपं म्हणजे तिथल्या झोपडीचं दार कुठल्या तोंडाला नाही ते बघायचं. आणि कुणी मामा काही सांगत असतील तर ऐकायचं.

टेंटची अरुंद बाजू किंवा पाठ वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. पोल जोडायच्या आधी वाऱ्याकडचे दोन कोपरे जमिनीला बांधून टाका, नाहीतर टेंट पतंग होतो. मी एकाचा टेंट दरीत जाताना बघितलाय, आत त्याची उशी होती. पोल कापडाच्या नळीतून ढकलायचा, ओढायचा नाही. ओढला की सांधे सुटतात. थंडीत आतला रबर ढिला पडतो तेव्हा तर नक्कीच. तळाखाली प्लास्टिक घालणार असाल तर ते टेंटच्या तळापेक्षा वीतभर लहान ठेवा. बाहेर डोकावलं तर वरून ओघळलेलं दव त्यावर साचून थेट तुमच्या पाठीखाली येतं.

गडांवर मेख बसत नाही, ही आपली खास अडचण. वर दोन बोटं माती, खाली कातळ. दगडाने ठोकून मेखा वाकवण्यात अर्थ नाही. दोरीच्या टोकाला मोठा फास करा आणि त्यात नारळाएवढा दगड आडवा घाला. त्या दगडाच्या पुढे, म्हणजे टेंटच्या बाजूला, पाटीएवढा जड दगड दोरीवर ठेवा. दोरी ताणली की लहान दगड मोठ्याच्या बुडाशी जाऊन अडकतो आणि जितकी ओढ जास्त तितका घट्ट बसतो. नुसता मोठा दगड दोरीला बांधला तर रात्रभर दोरी त्याच्या कडेवर घासत राहते आणि पहाटे तुटते. दगड आजूबाजूचे सुटे घ्या, गडाच्या जोत्याचे आणि तटाचे चिरे उपटू नका. गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, तेही पायथ्याच्या गावात विचारून घ्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे.

दोरी जमिनीशी साधारण 45 अंशांत, टेंटच्या शिवणीच्याच रेषेत बाहेर काढा. सगळ्या दोऱ्यांना सारखा ताण हवा. एक बाजू तंबोऱ्याच्या तारेसारखी आणि दुसरी लोंबती असेल तर पोल वाकडाच उभा राहतो. जेवण झालं की एकदा फेरी मारा. नायलॉन दवाने ओला झाला की सैल पडतो, संध्याकाळी टणक वाटलेलं कापड नऊ वाजता लोंबलेलं असतं. झोपायच्या आधीची ही दोन मिनिटांची फेरी मी आता चुकवत नाही.

सोबत पोलच्या दुरुस्तीची नळी ठेवा. बोटभर लांब धातूची नळी असते, तुटल्या जागी सरकवायची आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायची. नळी नव्हती तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी त्या फुटलेल्या पोलला स्टीलचा चमचा बांधला होता आणि तो आणखी एक मुक्काम टिकला. चिकटपट्टीचा अख्खा रोल न्यायची गरज नाही, पाण्याच्या बाटलीला दहा-बारा वेढे मारून ठेवा.

केदारकंठाचं गणित वेगळं. शिखर साडेबारा हजार फुटांच्या आसपास, वाटेत जुडा का तालाबजवळ मुक्काम पडतो तोच नऊ हजारांच्या वर. बरोबर एजन्सी असेल तर टेंट तेच लावतात, पण कसा लावतात ते उभं राहून बघा आणि हात लावा. ताज्या बर्फावर थेट टेंट लावायचा नसतो. आधी बूट घालून जागा चांगली तुडवायची, मग अर्धा तास तशीच सोडायची. तुडवलेला बर्फ बसून फरशीसारखा होतो. घाई केली तर रात्री तुमच्या कमरेच्या आकाराचा खड्डा पडतो आणि सकाळी तो गोठलेला असतो.

आपल्या बारीक मेखा तिथे लोण्यात टाचणी खुपसावी तशा निघून येतात. कापडी पिशवीत बर्फ ठासून भरायचा, दोरी तिच्या कमरेला गुंडाळायची, हातभर खोल आडवी पुरायची, वरून बर्फ लोटून तुडवायचा. तासाभरात ती सिमेंटमध्ये बसवल्यासारखी होते. काठी आडवी पुरली तरी चालतं. दोरी पिशवीला गाठ मारून बांधू नका, नुसती फिरवून दोन्ही टोकं वर आणा. नाहीतर सकाळी कुदळ घेऊन स्वतःचीच दोरी खणत बसावं लागतं.

दाराबाहेरच्या छपराखाली गुडघाभर खड्डा खणून ठेवा. पाय खाली सोडून बसता येतं, बूट घालायला सोपं जातं आणि जड थंड हवा तिथे उतरते. रात्री बर्फ पडत असेल तर तासा-दोन तासाने आतून हाताने थापट्या मारून छत मोकळं करा आणि बाहेरच्या कडेला साचलेला बर्फही काढा, कारण तो हवेच्या वाटा बुजवतो. आणि टेंटमध्ये स्टोव्ह, शेगडी, निखारे काहीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या येतात आणि टेंट तर खोलीपेक्षा कितीतरी लहान.

घरी आल्यावर टेंट वाळवायचाच. दोन दिवस गॅलरीत पसरा, बायको किंवा आई काय म्हणेल ते म्हणू दे. वॉशिंग मशीनमध्ये घालू नका, कापडावरचा पाणी अडवणारा आतला लेप जातो. दमट हवेत घडी घालून ठेवलेल्या टेंटचा लेप दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो आणि त्याला आंबूस वास सुटतो, मग तो टेंट कुठल्याच उपायाने पूर्वीसारखा होत नाही. मी मूळ पिशवीत न कोंबता जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवतो, कपाटात वरच्या बाजूला.

डिसेंबरला अजून वेळ असेल तर नवा टेंट एकदा गच्चीवर, अंधारात, हातमोजे घालून लावून बघा. मेखांच्या जागी कुंड्या चालतात. आमच्या सोसायटीचा वॉचमन मला विचारायला आला होता की घरातून बाहेर काढलंय का. भाड्याचा टेंट केदारकंठाच्या पायथ्याच्या सांक्री गावात घेणार असाल तर दुकानाच्या अंगणातच पूर्ण उभा करा. पोल मोजा, प्रत्येक चेन दोनदा वर-खाली करा आणि ताणाच्या दोऱ्या पिशवीत आहेत का ते स्वतःच्या हाताने काढून बघा.