शिट्टी कुणाची ऐकायची?

लाडक्या मनू,

दादरला आजीकडे गेल्यापासून रोज रात्री तू गोविंदा पथकाचा सराव बघायला जातेस. काल फोनवर विचारलंस, "तिथे दादांनी शिट्टी वाजवली की सगळे मुकाट ऐकतात. तू मात्र मला 'का ते विचार' म्हणतेस. मग आपल्यात स्वातंत्र्य मोठं, की मोठ्यांचा शब्द?" इथे टोरंटोत सकाळपासून तेच डोक्यात आहे.

सरावात नीट बघ. सगळ्यात दणकट गडी तळाला असतात. टाळ्या वरच्या एक्क्याला मिळतात, पण त्याचा जीव खालच्यांच्या खांद्यावर असतो. थर लागत असताना वाद घालत बसता येत नाही. एकाचा पाय हलला की सगळे खाली. म्हणून शिट्टी ऐकायची, थर सुखरूप उतरेपर्यंत. एरवी कुणीही "उद्यापासून येत नाही" म्हणू शकतो. आणि कोण कुठे उभं राहणार हे ताकदीवर नि तोलावर ठरतं, आडनावावर नाही. ठरू नयेच.

त्या शिट्टीलाही जाब विचारला गेलाय बरं का. लहान मुलांना इतक्या उंच चढवायचं का, हा प्रश्न हायकोर्टात गेला. २०१४ साली अठराखालच्यांना बंदी आणि वीस फुटांची मर्यादा आली. २०१७ साली वयाची अट चौदावर आली, उंचीची मर्यादा उठली. मुलांची बाजू कुणीतरी मांडली, हे मला फार मोलाचं वाटतं.

जन्मावर रचलेली उतरंड मात्र वेगळी. तिच्यात तळाच्या माणसाला ना टाळ्या, ना बाहेर पडायची वाट. तुझ्या आजीच्या दादरमध्येच १९२६ साली सार्वजनिक गणपतीच्या पूजेत दलितांनाही हक्क हवा म्हणून प्रबोधनकार ठाकरे आणि डॉ. आंबेडकर उभे राहिले. उत्सव सगळ्यांचा म्हणायचा आणि मूर्तीजवळ काहींनाच येऊ द्यायचं, हे कसं चालेल? तिथे मोठ्यांचा शब्द मोडणं हेच योग्य होतं.

२५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची फारकत करता येत नाही. समता नसेल तर स्वातंत्र्यातून मूठभरांचंच वर्चस्व येतं, आणि बंधुता नसेल तर ती दोन्ही राबवायला पोलीस शिपाई लागतो. तुझ्या त्या मैदानात शिपाई दिसतो का? हंडी सगळ्यांची आहे, म्हणून दादांना ओरडावंही लागत नाही.

आता आजीचं. तिने साडेदहाला घरी यायला सांगितलंय. पटत नसेल तर तिच्याशी बोल, कारण विचार. ती ऐकून घेते, मी लहानपणापासून बघितलंय. तिने वेळ बदलली तर उत्तम. तोवर साडेदहाच.

तुझी,
आई