दीड वर्षाच्या लेकीला घेऊन नाशिकहून मुंबईमार्गे अमेरिकेला निघालोय, विमानात तिची कार सीट (गाडीत लहान मुलांना पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची) न्यावी का?

नक्की न्या, पण तिचं वेगळं तिकीट काढणार असाल तरच. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, मात्र मग सीट लावायला जागाच नसते. परवडत असेल तर काढाच. विमान जोरात हादरलं की मांडीवरचं बाळ हातांनी धरून ठेवता येत नाही.

अमेरिकी सीटवर ‘गाडीत आणि विमानात वापरण्यास प्रमाणित’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर लाल अक्षरांत असतो, तो शोधा. बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलांना नुसतं उंच बसवणारी सीट, चालत नाही. रुंदीही मोजा, इकॉनॉमीची खुर्ची जेमतेम १७-१८ इंच असते. जागा खिडकीचीच मागा, म्हणजे कुणाची वाट अडणार नाही. पट्टा आवळताना सीट गुडघ्याने दाबून धरा. आणि कसारा घाट उतरतानाही टॅक्सीत तिला त्यातच बसवा.