क्लब बदलायची वेळ आली तर सोडतील का, ते आधी विचारा

वेंगुर्ल्याच्या ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. तिला कुठे घालायचं, हा तो प्रश्न: अकरा वर्षांची लेक, गोव्यातल्या म्हापशाकडच्या मोठ्या फुटबॉल अकादमीने ट्रायलमधून निवडलेली. दुसरीकडे सावंतवाडीतला मुलगे-मुली मिळून खेळणारा छोटा ग्रुप, तिथे फी निम्मीसुद्धा नाही. मुलीचे डोळे अकादमीकडे, तुमचं मन अर्धं इकडे अर्धं तिकडे. आम्ही कुडाळचे, आमची आता दहावीत आहे, आणि काही वर्षांपूर्वी आमच्या घरात हाच प्रश्न रोज रात्री जेवताना निघायचा.

कोचचं लायसन्स बघा, मैदान बघा, चार पालकांशी बोला हे तुम्हाला वरच्या उत्तरांत बऱ्याच जणांनी सांगितलंय, ते मी परत सांगत नाही. मला सांगायचंय ते कुणीच लिहिलेलं नाही. क्लब मुलीला घेतो कसा हे बघायला सगळे जातात. तो सोडतो कसा, हे कुणी विचारत नाही. आमचं एक अख्खं वर्ष तिथेच गेलं.

आमच्याकडे हे वेड शिरलं २०२२ च्या दिवाळी पाडव्याला. १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने त्या दिवशी गोव्यात फातोर्ड्याला होते. कोलंबिया-नायजेरिया पेनल्टीपर्यंत गेला, स्पेनने जर्मनीला एका गोलने हरवलं. त्यानंतर लेकीने आम्हाला बसू दिलं नाही. चौकशा केल्या, ट्रायल झाली, गोव्यातल्या एका नावाजलेल्या क्लबाने घेतली. नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका. कोच मनापासून शिकवणारे होते हे आधी सांगते. तिचा डावा पाय त्यांनी तयार केला. पहिली दोन वर्षं माझी काहीच तक्रार नव्हती.

मग मुलींची बॅच संध्याकाळची होती ती रात्रीवर गेली, कारण त्या वेळेला टर्फ भाड्याने द्यायला लागले. घरी पोचायला साडेदहा वाजायचे, सकाळी सातला शाळा. सासूबाई रोज म्हणायच्या, "चेडवाक इतक्या लांब कित्याक धाडतंस?" आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. तोपर्यंत आपल्या बाजूला एका क्लबाने मुलींचा संघ नीट उभा केला होता. म्हटलं, इकडे आणू. इतकी साधी गोष्ट.

इथे थोडं तांत्रिक. राज्याच्या फुटबॉल संघटनेच्या अधिकृत स्पर्धांत खेळायचं तर मुलीची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत होते, तिला सगळे सीआरएस म्हणतात. त्यात तिचा आयडी असतो आणि तो एका क्लबाच्या नावावर असतो. तुम्ही फी भरणं बंद केलं, मुलगी जायची थांबली, तरी तिथे ती त्याच क्लबाची. दुसऱ्या क्लबाला तिला घ्यायचं तर बदली तिथूनच व्हावी लागते, आणि जुन्या क्लबाने हो म्हटल्याशिवाय गाडं हलत नाही. त्यात गोव्यातला क्लब गोवा फुटबॉल असोसिएशनचा आणि आपला वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे विफाचा. राज्य बदललं की दोन्ही संघटना मध्ये आल्या. आपण सीमेवरची माणसं, बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला तिकडे सहज जातो, त्यामुळे राज्य बदलतंय हे मनातच येत नाही. कागदावर मात्र ते बदलतं.

आता क्लबाचं ऑफिस. दुकानांच्या वरची एक खोली. दुपारी एक ते चार बंद, आणि चारनंतर जे गृहस्थ असायचे ते म्हणायचे, "सर आले की बघू." सर मैदानावर भेटायचे तेव्हा म्हणायचे, "ऑफिसात सांगा." व्हॉट्सॲपवर मेसेज वाचलेला दिसायचा, उत्तर नाही. प्रवेशाच्या वेळी सही घेतलेल्या फॉर्मची प्रत आम्ही तेव्हाच मागितली होती, "नंतर देतो" म्हणाले होते. आता मागितली तर फाइल सापडत नव्हती. मग एके दिवशी सांगितलं की मुलीच्या वडिलांनी यावं. ते रजा काढून गेले. त्यांना सांगण्यात आलं की दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचा खर्च भरा, मग सोडतो.

महिन्याच्या महिन्याला फी घेतलेली, किटचे वेगळे, स्पर्धांचे वेगळे. वर खर्च कसला? ओळखीतल्या एका वकिलांनी फिफाचे खेळाडूंच्या बदलीचे नियम उघडून दाखवले. प्रशिक्षणाची भरपाई महिला फुटबॉलला लागू होत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. ते नियम मुळात आंतरराष्ट्रीय बदल्यांचे आहेत, त्यामुळे ते दाखवून भांडण जिंकता येईल असं मी म्हणत नाही. पण जगभर जे मुलींकडून कुणी मागत नाही, ते चौदा वर्षांच्या शाळकरी पोरीच्या आईबापाकडे मागायला यांना काहीच कसं वाटलं नाही? मला अजून राग येतो. आम्ही पैसे दिले नाहीत. आणि तेवढ्यात बदल्यांची मुदत संपली.

त्या मोसमात ती नव्या क्लबात सरावाला जायची, पण नोंदणीच्या सामन्यांना बाकावरसुद्धा बसता येत नव्हतं. बाहेरून पाणी भरून द्यायची. शाळेकडून तालुका, जिल्हा खेळली, कारण तिथे क्लबाचा संबंध येत नाही, पण ते सामने वर्षात कितीसे? चौदाव्या वर्षी मुलीचं अंग बदलत असतं, वेग बदलतो, नेमकं तेव्हा सामने हवेत. पोर गप्प गप्प झाली. आई म्हणून मला सगळ्यात जास्त ते लागलं.

सुटका झाली ती कागदाने. तोंडी बोलणं बंद केलं. क्लबाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने अर्ज, पोचपावतीसकट. तोच अर्ज ईमेलने दोन्ही राज्य संघटनांना, सोबत फी भरल्याचे बँकेचे उतारे. त्यानंतर एक शब्द न बोलता क्लबाने तिला सोडलं. कुणाचा फोन नाही, उत्तर नाही, एक दिवस नव्या क्लबाने सांगितलं की नाव आलंय.

म्हणून तुम्हाला सांगते, त्या अकादमीत जायचं ठरवलंत तर पैसे भरण्याआधी ईमेलने विचारा: मुलगी सोडून जायची झाली तर काय प्रक्रिया, किती दिवस, काही रक्कम लागते का. उत्तर लेखी आलं तर उत्तम. "अहो ताई, आत्ताच जायचं काय बोलता" असं हसून टाळलं, तर तेही उत्तरच समजा. आणि सोडून गेलेल्या मुलींच्या पालकांना गाठा. आत असलेले पालक चांगलंच बोलतात, त्यांच्या मुली तिथेच खेळायच्या असतात.

आता माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. अकरा वर्षांच्या मुलीला म्हापशाला पाठवू नका. सावंतवाडीच्या ग्रुपात मुलग्यांबरोबर खेळू दे. या वयात मुलं-मुली एकत्र खेळण्यात काही वावगं नाही, महासंघाच्या लहान मुलांच्या लीगमध्येही एकत्र खेळतात. मुलग्यांच्या वेगाशी झुंजून मुलगी तयार होते. मोठ्या क्लबात चोवीस जणींत ती बाकावर बसणार असेल तर त्या जर्सीचा काय उपयोग? लहानपणी बॉल पायाला किती वेळा लागला यावर सगळं आहे, आणि शिरोडा, आरोंदा, किरणपाणी करत गाडीत घालवलेल्या तासांत बॉल पायाला लागत नाही. पावसात तर विचारूच नका, आणि आपला मोसम सुरू होतो तोच पावसात. तेरा-चौदाची झाली की मात्र मुलींचा वेगळा संघ लागतो. तेव्हा ज्या क्लबात तिच्या वरच्या वयोगटाचाही मुलींचा संघ खरोखर खेळतोय, तिथे न्या. "पुढच्या वर्षी सुरू करतोय" यावर विसंबू नका. तुमची मुलगी, तुमची परिस्थिती, आणि तिचं कौशल्य मी पाहिलेलं नाही. पण मला आज परत ठरवायचं असतं तर मी हेच केलं असतं.

कागदांचं आत्तापासूनच बघा. जन्म दाखला जिथे जन्म झाला तिथला लागतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे दाखला आईच्या माहेरच्या नगरपालिकेचा नाहीतर ग्रामपंचायतीचा. पुष्कळ दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा रिकामी असते, कारण नोंद बारशाआधीच झालेली. नाव नंतर घालून मिळतं, पण ट्रायलच्या आदल्या आठवड्यात नाही. आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधली तारीख, आधार आणि दाखला हे तिन्ही जुळतात का ते बघा. वयाबद्दल शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. मुलीचं वय खरं असलं तरी कागद वेगळं बोलत असेल तर धावपळ तुमचीच.

शाळेच्या स्पर्धा कधीही सोडू नका, क्लब कितीही मोठा असो. तुमचा क्लब गोव्याचा असला तरी शाळा सिंधुदुर्गातली आहे. तालुका, जिल्हा आणि मग कोल्हापूर विभाग. विभागात समोर कोल्हापूर येतं, तिथे फुटबॉल तालमी-तालमीत मुरलेला, त्यामुळे लढत खरी होते. सुब्रतो कप, म्हणजे शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा, तीही शाळेकडूनच. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, दोन्हींना मान्यताप्राप्त स्पर्धांचीच प्रमाणपत्रं चालतात. दर सुट्टीत कुठल्या कुठल्या नावाचे "नॅशनल कप" निघतात, हजारो रुपये भरून संघ जातात, भली मोठी ट्रॉफी मिळते. खेळायला मिळतं म्हणून जरूर पाठवा. त्या कागदावर गुण मिळतील अशी आशा ठेवू नका. आम्हाला दहावीच्या क्रीडा गुणांचा प्रस्ताव करताना यातला फरक नीट कळला.

बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर स्त्री कोण जाते, हे नाव घेऊन विचारा. संकोच करू नका. २०२२ मध्ये देशाच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या परदेश दौऱ्यात गैरवर्तनाच्या आरोपावरून सहायक प्रशिक्षकाला परत बोलावून काढावं लागलं. तो राष्ट्रीय संघ होता. मग गावातल्या क्लबाला विचारल्यावर कुणाला राग येत असेल तर येऊ दे. मैदानावर मुलींसाठी दार लागणारं, पाणी असलेलं बाथरूम आहे का, हेही स्वतः जाऊन बघा. पांढऱ्या हाफ पँटचं किट असेल तर बदलायला सांगा. पाळी सुरू झालेल्या मुलींना त्या पँटची धास्ती असते. इंग्लंडच्या महिला संघानेसुद्धा २०२३ च्या विश्वचषकाला पांढरी सोडून निळी घेतली.

आणि गुडघे. वाढत्या वयाच्या मुलींत गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलग्यांपेक्षा काही पट जास्त असतं. फिफाचा "११+" म्हणून वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, एका पायावर तोल, उड्या, नीट उतरणं असं त्यात असतं, आणि तो नियमाने केला तर दुखापती कमी होतात हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. सरावाला पोचल्यावर पहिली वीस मिनिटं काय करतात ते बाजूला उभं राहून बघा. मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच सामना सुरू होत असेल तर मला तो क्लब आवडणार नाही. आपल्याकडे जांभ्याच्या खडीची मैदानं, तिथे लांब मोजे आणि शिन गार्ड सरावालाही घाला. टर्फला लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट्या असलेले बूट नकोत, पाय अडकतो. हिमोग्लोबिनही एकदा तपासून घ्या. आमची दमते म्हणून कोच ओरडायचे, रक्त तपासल्यावर लोह कमी निघालं. मी डॉक्टर नाही, औषध डॉक्टरांना विचारूनच.

बदल्यांचे नियम आणि मुदती दर मोसमाला थोड्या बदलतात, त्यामुळे माझ्या अनुभवावर न जाता महासंघाच्या साइटवरचं चालू परिपत्रक वाचा, आणि जिल्हा संघटनेत कुणी ओळखीचं असेल तर विचारून घ्या. ट्रायल पास झालीय म्हणून अकादमी घाई करेल, "दोन दिवसांत कळवा, जागा जाईल." जागा जात नाही. फॉर्म घरी आणा, शांतपणे वाचा, सही केलीत तर सही केलेल्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो तिथल्या तिथे काढा. फी रोख देऊ नका, बँकेतून द्या. आमचे उतारेच शेवटी कामाला आले.

सोडपत्राच्या अर्जाचा नमुना माझ्याकडे मराठीत आणि इंग्रजीत आहे. हवा असेल तर खाली सांगा, नाव-पत्ते काढून पाठवते. ईमेलला इंग्रजीतला बरा पडतो, एकच मजकूर दोन्ही राज्यांच्या संघटनांना जातो.