तळ्यातल्या गाळात मुलाला जुनी तलवार सापडली, ती घरी साफ करून ठेवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावाचं पाणी मागे सरल्यावर काठच्या गाळात १० वर्षांच्या मुलाला गंजलेली तलवार मिळाली, ती घरी आणली आहे, गंज कसा काढायचा, किती जुनी असेल आणि घरात ठेवली तर चालेल का?

गंज काढू नका. आणि त्याही आधी, ती अजून ओली असेल तर वाळू देऊ नका. बाकी सगळं त्यानंतर, हे आत्ता.

कारण असं. गाळात पडून राहिलेल्या लोखंडात गंजाच्या थराखाली क्षार शिरलेले असतात, त्यातही क्लोराइड सगळ्यात त्रासदायक. चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिथे ही झीज फार सावकाश चालते. वस्तू बाहेर काढून वाळवली की हवा आतपर्यंत पोचते, क्लोराइडमुळे आतल्या आत आम्ल तयार होतं आणि नवा गंज जुन्यापेक्षा जास्त जागा मागत फुगतो. मग वरचा थर पापुद्र्यांनी सुटायला लागतो. पृष्ठभागावर तपकिरी-नारिंगी थेंब दिसू लागले की आतून सुरुवात झाली असं समजा. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४० च्या वर असताना, पातं तासाभरात कोरडं होतं. मुठीला किंवा म्यानाला लाकूड-चामडं चिकटलेलं असेल तर ते त्याहून लवकर आक्रसतं, चिरतं आणि परत मूळ आकारात येत नाही.

घरात साडेतीन फुटांची वस्तू बुडेल असं भांडं सहसा नसतं. बाथरूममध्ये किंवा सावलीतल्या खोलीत विटांची चौकट मांडा : आतून ४ फूट लांब, १ फूट रुंद, दोन विटा उंच. त्यावर जाड प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरा, कोपऱ्यांत घड्या घाला, कापू नका. त्यात १० सेंटीमीटर पाणी भरायला ३५ ते ४० लिटर लागतं, म्हणजे २० लिटरचे दोन जार. पाणी त्याच तळ्याचं आणा. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन असतो, बोअरच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी क्षार जास्त असतात. वस्तू ज्या पाण्याला सरावली आहे तेच तिला सगळ्यात कमी त्रास देतं. तलवार पूर्ण बुडाली पाहिजे. अर्धं पातं पाण्यात आणि मूठ वर असं ठेवलं तर पाण्याच्या रेषेवरच सगळ्यात जास्त गंज चढतो. तांब्याचं घंगाळ, पितळी परात यांपैकी काहीही वापरू नका; दोन वेगळे धातू एकाच पाण्यात टेकले की लोखंडच झिजतं. वरून काळं कापड किंवा पुठ्ठा झाका, म्हणजे शेवाळ धरणार नाही आणि डासही होणार नाहीत. पाणी कमी झालं की तळ्याचंच घाला. ही सोय काही दिवसांपुरतीच आहे, महिन्यांसाठी नाही.

इथे एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तलवार आणून दोन-तीन दिवस झाले असतील आणि ती आधीच खडखडीत वाळली असेल, तर आता पुन्हा पाण्यात घालू नका. ओलं-कोरडं-ओलं हा फेरा सगळ्यात वाईट. अशा वेळी ती घट्ट झाकणाच्या लांब प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत निदान तलवारीच्या वजनाइतकी सिलिका जेल घाला. रंग बदलणारी सिलिका मिळाली तर उत्तम, कारण रंग पालटला की ती ओलाव्याने भरली हे कळतं आणि ती बदलता येते.

आता जे हमखास केलं जातं त्याबद्दल. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक हे सगळं आम्ल आहे. गंजाबरोबर धातूही खातं आणि भेगांत राहून नंतरही खात बसतं. पॉलिश पेपर, तारेचा काथ्या, ग्राइंडर याने तर नुकसान पक्कंच, कारण पात्याचा मूळ पृष्ठभाग गंजाच्या खाली नसतो, बहुतेक वेळा तो गंजाच्या थरातच असतो. नक्षी, अक्षरं, शिक्का, मुठीवरचं कोफ्तगिरीचं (लोखंडावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेलं) काम त्या तपकिरी थरात अडकून टिकलेलं असतं. थर घासला की खाली चकचकीत लोखंड निघेल, पण ती तलवार कोणाची, कुठली हे सांगणारं सगळं मोरीत वाहून गेलेलं असेल. प्रयोगशाळेत म्हणूनच आधी क्ष-किरण चित्र काढतात आणि मग भिंगाखाली थोडं थोडं उकलतात. तेल, ग्रीस, व्हॅसलीन लावलं तर ओल आणि क्षार आत कोंडले जातात आणि पुढचं काम अवघड होतं. शेंदूर, हळद-कुंकू, हार हेही आत्ता नको. कुंकू-शेंदराचे कण गंजाच्या भेगांत बसतात, हाराचा ओलावा डाग पाडतो. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची आपली रीत आहे आणि भावना समजते, पण ही पूजा तज्ज्ञांच्या हातून वस्तू स्थिर झाल्यावर, फोटोसमोर करा.

मूठ ओढून किंवा फिरवून पाहू नका. आपल्याकडच्या तलवारींत पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत लाख-राळेच्या मिश्रणाने बसवलेली असते. शतकभर पाण्यात राहिल्यावर ते मिश्रण ठिसूळ होतं, आणि आतली शेपटी अनेकदा पात्याआधीच गंजून संपलेली असते. म्हणून उचलतानाही मुठीला धरून उचलू नका. खाली तलवारीपेक्षा अर्धा फूट लांब फळी सरकवा आणि फळीसकट उचला. न्यायची असेल तर ओल्या पांढऱ्या सुती टॉवेलात गुंडाळून वरून प्लॅस्टिक लावा. टॉवेल सोलापुरात शोधावा लागत नाही, फक्त रंगीत घेऊ नका, रंग उतरतो. हे गुंडाळणं काही तासांच्या प्रवासापुरतं. चिकटलेला चिखलही धुऊ नका. म्यानाचे लाकडी तुकडे, चामड्याचे धागे बहुधा त्यातच असतात. गाळात निळसर पूड दिसली तर घाबरू नका. पाण्याखालच्या लोखंडावर फॉस्फेटचं एक खनिज तयार होतं, ते हवेत निळं पडतं. दिसलं तर फोटो घ्या, कारण वस्तू बराच काळ बिनऑक्सिजनच्या चिखलात होती याची ती खूण आहे.

किती जुनी असेल? फोटोवरून सन सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, पण काही गोष्टी घरबसल्या तपासता येतात. हिप्परग्याचा तलाव म्हणजे एकरुख तलाव, आदिला नदीवर बांधलेला, १८७१ च्या सुमारास पूर्ण झालेला. त्याआधी तिथे शेतं आणि नदीकाठ होता. त्यामुळे तलवार वरच्या मऊ गाळात होती की खालच्या मूळ काळ्या मातीत, यावर सगळं अवलंबून आहे. वरच्या गाळातली असेल तर ती तलाव झाल्यानंतर कोणी टाकली असणार. सोलापूर शहरातल्या सिद्धेश्वर तलावाची गोष्ट वेगळी. त्याची परंपरा बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांपर्यंत जाते आणि शेजारीच भुईकोट किल्ला आहे, तिथे १८१८ मध्ये इंग्रज आणि पेशव्यांच्या फौजेत लढाई झाली.

दुसरी कसोटी उलटी वाटेल : काठाजवळची तलवार जितकी चांगली दिसते तितकी ती नवी असण्याची शक्यता जास्त. आपल्या तलावांचा काठ दर उन्हाळ्यात उघडा पडतो, काळी माती भेगाळते, पावसाळ्यात परत फुगते. या दरवर्षीच्या फेऱ्यात लोखंड टिकत नाही. म्हणून चकचकीत क्रोमचा मुलामा, मुठीत स्क्रू, वेल्डिंगचा सांधा, ओतीव पितळी सिंहमुख असं काही दिसलं तर ती बहुधा लग्नात, मिरवणुकीत किंवा नाटकात वापरलेली शोभेची तलवार आहे. खरी जुनी तलवार गंजाने जाड, वेडीवाकडी दिसते. आकार पाहा : पातं वाकडं की सरळ, एकधारी की दुधारी, त्यावर लांब खाच आहे का, मुठीच्या टोकाला चपटी गोल गादी आहे का, बोटांवरून वळणारी परज आहे का. सरळ लांब पातं असेल तर धोप किंवा युरोपातून आलेल्या पात्याची फिरंग, वक्र असेल तर नेहमीची तलवार, कोपरापर्यंत लोखंडी हातमोजा असेल तर पट्टा. हे वर्णन लिहून ठेवा, निष्कर्ष तज्ज्ञांवर सोडा.

आणि तिसरी शक्यता पालकांनी मनात ठेवायलाच हवी. तळ्यात टाकलेलं शस्त्र गुन्ह्यातलंही असू शकतं. म्हणून पहिला फोन पोलिसांना, ११२ वर किंवा जवळच्या ठाण्यात, आणि तोही आजच. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांहून लांब पात्याची शस्त्रं येतात, आणि घरात विनानोंद तलवार मिळाली की पोलीस याच कायद्याखाली गुन्हा नोंदवतात. तुम्ही स्वतःहून कळवलंत तर प्रश्न सरळ राहतो. तलवार दुचाकीवर उघडी घेऊन ठाण्यात जाऊ नका. घरी किंवा जागेवर येऊन पंचनामा करायला सांगा.

त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालय. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ प्रमाणे जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. न कळवल्यास १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलगा अल्पवयीन आहे, म्हणून अर्ज तुमच्या सहीने, पण सापडणारा म्हणून त्याचं नाव लिहा. तीनच गोष्टी कायदा मागतो : वस्तू काय व अंदाजे किंमत, कुठे सापडली, कोणत्या तारखेला. किंमत कळत नसेल तर ‘तज्ज्ञांकडून ठरवणे आहे’ असं लिहा. दोन प्रती करा, एकीवर शिक्क्यासह पोहोच घ्या. एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पाठवा आणि ‘वस्तू ओली असून पाण्यात ठेवली आहे, संवर्धन तातडीचे आहे’ हे वाक्य ठळक लिहा. नाहीतर ती कपाटात जाते आणि तिथेच झडते. तोवर सल्ला हवा असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र यांच्याशी बोलता येईल. विकण्याचा विचार असेल तर सोडून द्या. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि परदेशी पाठवणं बंदच आहे.

जागेची नोंद आज करा, कारण पाऊस आला की ती जागा पाण्याखाली जाईल. मुलाला काठावरूनच दाखवायला सांगा, गाळात उतरवू नका; वरून वाळलेला दिसणारा गाळ कमरेपर्यंत आत घेतो. मोबाइलच्या नकाशावर बिंदू साठवा. कायम राहणाऱ्या दोन खुणांपासून, म्हणजे बांधाचा दगड, विजेचा खांब अशांपासून, अंतर मोजा. तलवार किती खोल होती, टोक कुठल्या दिशेला होतं, आडवी होती की उभी रुतलेली, आजूबाजूला विटा, खापरं, हाडं होती का, हे मुलाला एकदाच शांतपणे विचारून त्याच्याच शब्दांत लिहा. पुन्हापुन्हा विचारलं की मुलं तुम्हाला हवं ते सांगू लागतात. फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा. तिथे परत खणायला किंवा मेटल डिटेक्टर घेऊन जाऊ नका.

आणि व्हॉट्सअॅपवर जागा टाकू नका. २०१८ मध्ये स्वीडनमधल्या विडोस्टर्न सरोवरात ८ वर्षांच्या मुलीला अशीच तलवार सापडली, तीही दुष्काळाने पाणी उतरलेलं असताना. लाकूड-चामड्याच्या म्यानाचे अवशेष तिच्याबरोबर टिकले होते, आणि पुढे तज्ज्ञांनी ती सुमारे १,५०० वर्षांपूर्वीची ठरवली. त्या घराने लगेच कळवलं, आणि संग्रहालयाने जागेचा शोध घेऊन होईपर्यंत बातमी बाहेर जाऊ दिली नाही. हे आपल्याकडे जास्तच गरजेचं आहे, कारण बातमी फुटली की दुसऱ्या दिवशी फावडी घेऊन माणसं हजर होतात.

मुलाच्या हाताला कुठे कापलं-खरचटलं आहे का ते नीट पाहा. चिखलातली जखम साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची शेवटची लस घेऊन ५ वर्षांहून जास्त झाली असतील तर पुन्हा द्यावी लागते. १० व्या वर्षीचा डोस राहिला असेल तर तो याच वेळी होऊन जाईल.

वस्तू ताब्यात देताना पावतीवर लांबी, वजन, पातं-मूठ-म्यान यांची स्थिती, किती तुकडे आणि ती ओली दिली की कोरडी, हे सगळं लिहून घ्या. पंचनाम्यात मुलाचं नाव ‘शोधणारा’ म्हणून आलं आहे ना, हे सही करण्याआधी वाचून पाहा. कुठल्या कार्यालयात, कोणत्या जावक क्रमांकाने गेली हेही टिपा, म्हणजे दोन महिन्यांनी चौकशीला गेल्यावर त्या क्रमांकावरून विचारता येईल.