ट्रॅकरमध्ये चार डिव्हिडंड, खात्यात मात्र तीनच

प्रश्न : ताई नमस्कार, मी कर्वेनगरला राहतो, नोकरी हिंजवडीत. मे 2024 मध्ये एसपीवाय या अमेरिकन ईटीएफचे (शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा फंड) 10 युनिट घेतले. पोर्टफोलिओ ट्रॅकर (गुंतवणुकीचा हिशोब ठेवणारं अ‍ॅप) 2024-25 साठी चार डिव्हिडंड दाखवतोय आणि अमेरिकेत कापलेला टॅक्स 10.75 डॉलर. ब्रोकरच्या स्टेटमेंटला मात्र तीनच डिव्हिडंड, टॅक्स 13.68 आणि हातात आले 41.03. बायको म्हणते जे हातात आलं तेवढंच रिटर्नमध्ये दाखवा. नक्की काय भरू?

उत्तर : स्टेटमेंट बरोबर आहे, पण 41.03 दाखवू नका, आणि हे मी जरा जोर देऊन सांगतेय कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. उत्पन्न म्हणून टॅक्स कापायच्या आधीची रक्कम दाखवायची, म्हणजे 41.03 अधिक 13.68, एकूण 54.71 डॉलर. नेट दाखवून वर क्रेडिटही (तिकडे कापलेल्या टॅक्सची इथल्या टॅक्समधून वजावट) मागितलं तर हिशोब जुळणारच नाही.

आता चौथा डिव्हिडंड कुठून आला ते बघा. एसपीवायची मार्चची एक्स-डेट (त्या दिवशी किंवा नंतर युनिट घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) तिसऱ्या शुक्रवारी असते, 2025 मध्ये ती 21 मार्चला होती, पण पैसे येतात थेट एप्रिलअखेर. तुमचा ट्रॅकर एक्स-डेट धरतोय म्हणून तो मार्चमध्ये दिसतोय. आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, अमेरिकेत कॅलेंडर वर्ष असल्याने मार्चच्या डिव्हिडंडचा हा प्रश्नच येत नाही, त्यामुळे हा घोळ आपल्याच वाट्याला. मी पैसे आले ती तारीख धरते आणि दरवर्षी तीच धरते, कारण आयकर नियम 128 प्रमाणे क्रेडिट त्याच वर्षी मिळतं ज्या वर्षी ते उत्पन्न आपण इथे दाखवतो.

दुसरी गोष्ट दर. तुमचे चार डिव्हिडंड मिळून 71.67 होतात, त्याचे 15 टक्के काढा, बरोबर 10.75 येतात! म्हणजे ट्रॅकरने कापलेला टॅक्स कुठे बघितलेलाच नाही, सेटिंगमधला दर लावून अंदाज केलाय. भारत-अमेरिका करारानुसार आपल्यासारख्या व्यक्तींना डिव्हिडंडवर 25 टक्के लागतात, आपण अमेरिकेचे रहिवासी नाही हे ब्रोकरला सांगणारा डब्ल्यू-8बेन फॉर्म दिलेला नसेल तर 30. तुमचे 13.68 म्हणजे 54.71 चे 25 टक्केच, तेव्हा फॉर्म नीट दिलेला आहे. ट्रॅकरमध्ये दर 25 करा आणि प्रत्येक डिव्हिडंड स्टेटमेंटच्या ओळीशी एकेक करून टिक करा, तीनच ओळी आहेत, चहा संपेपर्यंत होतं.

रुपयांत करताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट (बँक डॉलर विकत घेते तो दर) घ्यायचा, ज्या महिन्यात पैसे आले आणि टॅक्स कापला गेला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. जुलैच्या डिव्हिडंडला 30 जून 2024 चा रेट, पण तो रविवार होता म्हणून मी शुक्रवार 28 जूनचा घेते. ऑक्टोबरला 30 सप्टेंबरचा, जानेवारीला 31 डिसेंबरचा. ट्रॅकर त्या दिवसाचा डॉलरचा बाजारातला दर लावतो, तो इथे चालत नाही.

क्रेडिट पूर्ण मिळेलच असं नाही. 30 टक्के स्लॅबमध्ये असाल तर सेससकट 31.2 टक्के म्हणजे ढोबळमानाने 17.07 डॉलर इतका टॅक्स इथे होतो, त्यातून 13.68 वजा जाऊन 3.39 भरायचे. 20 टक्क्यांत असाल तर इथला टॅक्सच 11.38, क्रेडिट तेवढंच, वरचे 2.30 गेले ते गेले, परत मिळत नाहीत.

रिटर्न आयटीआर-2 मध्ये (धंद्याचं उत्पन्न असेल तर 3), त्यात शेड्यूल एफएसआय (परदेशातलं उत्पन्न) आणि टीआर (तिकडे भरलेला टॅक्स) भरा, आणि आयकर पोर्टलवर क्रेडिट मागण्यासाठीचा फॉर्म 67. रिटर्न वेळेत भरलं असेल तर 2024-25 साठी या फॉर्मची मुदत 31 मार्च 2026 पर्यंतची, तरी मी तो रिटर्नच्या आधीच भरायला सांगते. पुरावा म्हणून ब्रोकरचं स्टेटमेंट जोडा. 1042-एस (तिकडे कापलेल्या टॅक्सचा अमेरिकन फॉर्म) मिळाला असेल तर लक्षात घ्या की तो कॅलेंडर वर्षाचा असतो, पण डिसेंबरमध्ये जाहीर होऊन जानेवारीत आलेला डिव्हिडंड तिकडे डिसेंबरचाच धरतात, म्हणून 2024 च्या फॉर्ममध्ये जुलै आणि ऑक्टोबरसोबत तोही सापडेल. रिटर्नमधलं शेड्यूल एफए (परदेशातली मालमत्ता) सुद्धा कॅलेंडर वर्षाचंच, तिथे 10 युनिट 31 डिसेंबर 2024 ला होते म्हणून दाखवायचेच.

आणि एप्रिल 2025 मध्ये आलेले ते 16.96 डॉलर आत्ताच 2025-26 च्या फाइलीत टाकून ठेवा.