कुलूप शाबूत, कोयंडा हातात

सुट्टीच्या तोंडावर घरफोडीबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मे महिन्यात पंधरा दिवस गावी जायचं आहे. शेजारच्या इमारतीत कडी-कोयंडा उचकटून चोरी झाली, म्हणून दुकानातलं सर्वांत जाड कुलूप आणलं. एवढं पुरे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ‘कोयंडा उचकटून’ असं तुम्हीच लिहिलं आहे, उत्तर त्यातच आहे. चोर कुलपाशी झटत बसत नाही. कटावणीचं टोक कोयंड्याच्या पट्टीखाली घालून झटका दिला की पट्टी स्क्रूसकट बाहेर येते आणि जाड कुलूप तिला तसंच लटकत राहतं.

कोयंड्याच्या पाकिटातले स्क्रू बहुधा अर्धा-पाऊण इंचाचे असतात. चौकट चार इंच खोल असली तरी लाकडातली पकड तेवढीच. त्यात घाईच्या सुताराने स्क्रू हातोडीने ठोकून शेवटचा एकच फेरा पेचकसाने दिला असेल, तर लाकडात आटे बसलेलेच नसतात. आज एक स्क्रू काढून पाहा. सहज फिरून बाहेर आला, भोकातून भुसा सांडला, तर कुलपाचे पैसे वाया गेले असं समजा.

कोयंड्याला ६ मिमी जाडीचे, तीन इंची स्क्रू लावा. आधी ४ मिमीचं भोक पाडून घ्या, नाहीतर सागवानी चौकटसुद्धा चिरते. जुनं भोक सैल झालं असेल तर त्यातच मोठा स्क्रू कोंबू नका. कोयंडा इंचभर वर सरकवून नव्या लाकडात बसवा. दारावरच्या कडीला मात्र स्क्रू नकोच. आरपार बोल्ट घाला, गोल डोकं बाहेर आणि वॉशर-नट आतल्या बाजूला. फ्लश डोअर पोकळ असेल तर नटाखाली दोन-तीन मिमी जाडीची लोखंडी पट्टी घाला, नाहीतर नट प्लायमध्ये रुततो. चौकटच भिंतीत हलत असेल तर आधी गवंडी बोलवा.

खरं तर बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच. बाहेरून फक्त किल्लीचं भोक दिसेल असं, दाराच्या आत बसणारं कुलूप बरं. मात्र दार नुसतं ओढून घेऊन जिना उतरू नका. तेव्हा दार लॅचच्या तिरक्या जिभेवरच अडलेलं असतं आणि ती पातळ पट्टीने मागे सरकते. किल्ली फिरवून चौकोनी दांडा बाहेर काढा. किल्ली दोनदा फिरत असेल तर दोनदा. तो दांडा चौकटीवरच्या ज्या पेटीत शिरतो तिचेही स्क्रू तपासा. तिथेही तोच अर्ध्या इंचाचा घोळ असतो.

प्रश्न : चोरांनी मजल्यावरच्या इतर घरांना बाहेरून कड्या घातल्या होत्या. आवाज ऐकूनही कोणाला बाहेर पडता आलं नाही. — सोसायटीच्या सचिव, डोंबिवली

उत्तर : सेफ्टी डोअरला बाहेरून कडी कशासाठी हवी, हे एकदा स्वतःलाच विचारा. आत बसणारं कुलूप असेल तर ती काढून टाका आणि मजल्यावरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी काढा. दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्याही बाहेर येतात. त्यांची पिन खालून ठोकली की वर निघत असेल, तर पिनेची दोन्ही टोकं वेल्डिंग करून घ्या.

प्रश्न : पहिल्या मजल्यावर राहतो. बाल्कनीला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी आहे, ग्रिल नाही. — एक वाचक, पुणे

उत्तर : सरकत्या खिडकीची कडी लावलेली असली तरी झडप वर उचलून रुळातून काढता येते, कारण ती बसवताना तशीच उचलून बसवलेली असते. झडप बंद ठेवून वरच्या रुळात, तिच्या डोक्यावर, दोन ठिकाणी स्क्रू घाला. त्यांची डोकी एवढीच खाली ठेवा की झडप सरकेल, पण उचलता येणार नाही. खालच्या रुळात झडपेमागे बेताची कापलेली काठी आडवी ठेवा. फुकटात होतं आणि चांगलं चालतं. ग्रिल बसवलंत तर भिंतीत गाडून घ्या. बाहेरून पान्याने खुलणारे बोल्ट नकोत. त्यात आतून कुलूप लागणारी एक झडप मात्र हवीच. आग लागली तर तीच वाट. किल्ली आत, हाताला येईल पण बाहेरून हात घालून मिळणार नाही, अशा जागी टांगा.

प्रश्न : चार कॅमेरे होते, चोर डीव्हीआरच (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) घेऊन गेले. — एक दुकानदार, सांगली

उत्तर : डीव्हीआर टीव्हीखाली ठेवला की चोराला शोधावाही लागत नाही. तो माळ्यावर, बंद पण हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवा, किंवा मेमरी कार्डाचा एक वेगळा कॅमेरा लावा. डिस्कचा हिशेब असा : एका कॅमेऱ्याच्या चित्रणाचा वेग २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट) धरला तर दिवसाला सुमारे २१ जीबी. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क जेमतेम अकरा दिवस पुरते, मग जुनं पुसलं जातं. पंधरा दिवसांनी परतणाऱ्याने २ टीबी घ्यावी. एक कॅमेरा तरी सात-आठ फुटांवर, दाराकडे तोंड करून हवा. छतातून चोराची नुसती टोपी दिसते. काचेमागे लावलेला कॅमेरा रात्री स्वतःच्याच इन्फ्रारेड उजेडाने आंधळा होतो. डीव्हीआरच्या घड्याळाची वेळही बघत जा. तपासात तीच नडते.

प्रश्न : चोरी झाल्याचं कळल्यावर आधी काय करायचं? — एक वाचक, लातूर

उत्तर : दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका, चोर अजून आत असू शकतो. बाहेरूनच ११२ लावा. पंचनामा होईपर्यंत कपाटाला, कडीला हात नको. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या. विम्यासाठीही लागते, आणि जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा नसतील तर बऱ्याच पॉलिसी दावा नाकारतात. म्हणून तुटलेला कोयंडा दुरुस्तीआधी फोटोत घ्या.

दागिन्यांची यादी मात्र आजच करा. हॉलमार्कवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोरलेला असतो. भिंगाखाली वाचून, फोटोसह लिहून ठेवा. १ एप्रिल २०२३ च्या आधीच्या दागिन्यांवर तो नसेलही, तिथे वजन आणि घडणीची खूण लिहा. यादी त्याच कपाटात ठेवू नका.