नेटवर्क प्रिंटरला टर्मिनलवरून पन्नास पीडीएफ एकदम कशा पाठवायच्या?

तुम्ही विचारलंय की अंबडच्या ऑफिसात उबुंटू आहे, प्रिंटर वायफायवर आहे, आणि रोज संध्याकाळी पन्नासेक पीडीएफ एकेक उघडून प्रिंट द्याव्या लागतात. टर्मिनलवरून एका दमात जातील का?

जातील. मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत डिस्पॅच बघतो. आमची डिलिव्हरी चलनं अशीच निघतात. (नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात १९२८ पासून चलन छापतात, आम्ही आमच्या परीनं छापतो.)

कमांड मी फोनवर सांगतो तशा देवनागरीत देतोय. टाइप इंग्रजीत करायच्या. जिथे अक्षर मोठं हवं तिथे सांगेन, बाकी सगळं लहान.

आधी प्रिंटरच्या पॅनेलवर नेटवर्कमध्ये जाऊन त्याचा आयपी पत्ता बघा. समजा १९२.१६८.१.५० आहे. उबुंटूत प्रिंटिंगचं काम कप्स नावाचं सॉफ्टवेअर बघतं. ॲपलच्या मॅकमध्येही तेच आहे, त्यामुळे कप्सच्या पुढच्या कमांड तिथेही चालतात. प्रिंटर एकदाच जोडायचा:

सुडो एलपीॲडमिन -पी चलन -ई -व्ही आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

यातला ई मोठा, आणि तो नावाच्या नंतरच हवा. नावाच्या आधी टाकला तर कप्स त्याचा अर्थ ‘कनेक्शन एन्क्रिप्ट कर’ असा घेतं. नंतर टाकला तर ‘प्रिंटर चालू कर आणि कामं घे’ असा. मी आधी टाकला होता. प्रिंटर यादीत दिसायचा, पण काम घेईना. अख्खी दुपार गेली त्यात, आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. शेवटचं ‘एव्हरीव्हेअर’ म्हणजे वेगळा ड्रायव्हर नको. आयफोनवरून कुठलंही ॲप न टाकता जो प्रिंटर प्रिंट देतो, तो बहुतेक याला चालतो. स्वस्तातले जुने लेझर चालत नाहीत, त्यांना कंपनीचा ड्रायव्हर लागतोच.

आता एक फाइल:

एलपी -डी चलन बिल.पीडीएफ

आणि फोल्डरमधल्या सगळ्या, लूप लावून, म्हणजे तीच कमांड एकेका फाइलवर आपोआप फिरवून:

फॉर एफ इन *.पीडीएफ; डू एलपी -डी चलन -एन २ "$एफ"; डन

‘-एन २’ म्हणजे दोन प्रती, एक ट्रान्सपोर्टवाल्याची, एक आपली. अवतरणचिन्हं विसरू नका, फाइलच्या नावात मोकळी जागा असली की त्याशिवाय बोंब. लूप न लावता एलपीपुढे नुसतं *.पीडीएफ लिहिलं तरी प्रिंट निघते, पण मग पन्नास फाइलींचं मिळून एकच काम होतं. त्यातली एक चुकीची निघाली आणि कॅन्सल केली, तर उरलेल्या सगळ्या गेल्या. म्हणून लूपच बरा.

एलपी लगेच उत्तर देतं, ‘रिक्वेस्ट आयडी इज चलन-२१४’. ते वाचून आमचा नवा पोरगा घरी निघाला होता. फाइल रांगेत लागली एवढाच त्याचा अर्थ, कागद बाहेर आला असा नाही. रांगेत काय उरलंय ते ‘एलपीस्टॅट -ओ’ सांगतं. नको असलेलं काम ‘कॅन्सल चलन-२१४’ नं जातं.

खरा त्रास कमांडचा नाहीच, लाईटचा आहे. लाईट जाऊन आली की राउटर परत पत्ते वाटतो, आणि प्रिंटरला ५० ऐवजी ५३ मिळू शकतो. मग कप्स जुन्या पत्त्यावर हाका मारत बसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसला (प्रत्येक नेटवर्क यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) तोच आयपी राखून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, मी ते आठ महिने टाळलं. एवढं करूनही कधी रांग थांबलेली दिसली तर ‘सुडो कप्सएनेबल चलन’.

कोणीतरी तुम्हाला नेटकॅट नावाच्या कमांडनं फाइल सरळ प्रिंटरच्या ९१०० पोर्टवर, म्हणजे कच्चा डेटा घेणाऱ्या दारावर, ढकलायला सांगेल. जमतं, पण तिथे मध्ये कप्स नसतं. जे बाइट जातील ते प्रिंटर जसेच्या तसे वाचणार. त्याला पीडीएफ समजत नसेल तर पानामागून पान अगम्य चिन्हं येतात आणि ट्रे रिकामा होईपर्यंत थांबत नाहीत. साध्या टेक्स्ट फाइलच्या ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जातात, कारण लिनक्स ओळीच्या शेवटी फक्त ‘खाली जा’ सांगतं, ‘डावीकडे परत ये’ सांगत नाही. आणि मराठी टेक्स्ट तर विसराच, प्रिंटरच्या पोटातल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. आमच्या गेटपासवर ड्रायव्हरचं नाव मराठीत असतं, म्हणून मी लिबरऑफिसनं टेक्स्टची आधी पीडीएफ करतो. त्यात फॉन्ट सोबतच जातो:

एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ गेटपास.टीएक्सटी

मग वरचाच लूप. प्रिंटर जोडताना एव्हरीव्हेअरला एरर आली तर मॉडेल नंबर खाली टाका, बघतो.